शेवटची वीत

"अय्या, दोमला! या वयात ओठ रंगवायला लागलात की काय?"

गरम मास्तावाचा, भात घातलेल्या सुपाचा, वाडगा टेबलावर ठेवताना नाझिरा एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की खानावळीतली चार डोकी वळली. दोमला म्हणजे गुरुजी. शोदमोन नियोजोवनं जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं, पण जुन्या वस्तूंची पारख करणारा माणूस बहात्तर वर्षांचा झाला की ताश्कंदात त्याला सगळे आपोआप दोमला म्हणू लागतात. नाझिरा पंचवीस वर्षं त्याला जेवण वाढत होती आणि पंचवीस वर्षं त्याची टर उडवत होती. त्यानं चमचा उलटा धरून त्याच्या पाठीत आपलं तोंड पाहिलं. ओठ खरोखरच जांभळे झाले होते, वरचा जास्त. पुसायला रुमाल काढला तर रुमालच जांभळा. आत शिरताना याच रुमालानं त्यानं तोंडावरचा घाम टिपला होता. "कामाचा रंग आहे," तो म्हणाला. "कामाचा म्हणे! पेन्सिल चघळणारं पहिलीतलं पोर दिसताय," असं म्हणत नाझिरा पुढच्या टेबलाकडे गेली. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली आणि ती चव जिभेला लागली. आधी गोडसर, मग कडू, मग लोखंडाची. चमचा त्याच्या हातातून वाडग्यात गेला आणि सूप सदऱ्यावर उडालं.

कॉपिंग पेन्सिल. पन्नास वर्षांत ही चव त्याच्या तोंडाला शिवली नव्हती. कर्शीच्या शाळेतल्या सगळ्या पोरांचे ओठ या पेन्सिलीनं जांभळे असत, टोक जिभेवर ओलं केल्याशिवाय ती उमटतच नसे. त्याच्या बापाच्या कानामागेही एक कायम खोचलेली असायची. बाप जोडे शिवायचा, मऊ चामड्याचे, घरात घालायचे, आणि कातडं कापण्याआधी त्यावर जांभळी रेघ मारायचा. पण आता जिभेवर आली ती चव शाळेची नव्हती आणि बापाचीही नव्हती, हे शोदमोनला आत कुठंतरी आधीच कळलं होतं. लोकरीला कॉपिंग पेन्सिलीचा रंग देणारं जगात एकच माणूस त्याला माहीत होतं. त्याची धाकटी बहीण, सनोबर. आणि ती पन्नास वर्षांपूर्वी गेली.

रुमाल सकाळच्या कामात रंगला होता. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला त्याची एक खोली होती. देशाबाहेर न्यायच्या गालिच्यांवर, भरतकामावर, विणलेल्या पटांवर तिथं तो दर बुधवारी वय आणि किंमत लिहून द्यायचा. ज्या वस्तूला पन्नास वर्षं पुरी झाली ती देशाबाहेर जाणार नाही, असा नियम. अलीकडची असेल तर शिक्का मारलेला कागद मिळे. त्यामुळे त्याच्या टेबलासमोर येणाऱ्या प्रत्येकाला आपली वस्तू तरुण असावी असं वाटे, आणि त्यासाठी लोकांनी त्याला काय काय देऊ केलं होतं, एकानं तर जिवंत मेंढा आणून दाराला बांधला होता. शोदमोननं चाळीस वर्षांत एक वर्ष इकडचं तिकडं लिहिलं नव्हतं. बाजारात म्हणत, या म्हाताऱ्याकडून सगळं मिळेल, वर्ष तेवढं मिळणार नाही. ते कानावर आलं की त्याला बरं वाटे. स्वतःबद्दल बरं वाटावं असं त्याच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतंही.

सकाळच्या कामाच्या अगदी शेवटी, पावणेएकला, ती मुलगी आली होती. चारोस नाव तिचं, विशी-बाविशीची, खांद्यावर पटाची गुंडाळी. शुक्रवारी इस्तंबूलला चालली होती, म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामावर. तिथल्या एका दुकानदारानं पटाचे फोटो पाहिले होते. पसंत पडला तर घेईन म्हणाला होता. त्यावर तिच्या पहिल्या दोन महिन्यांच्या भाड्याची सोय व्हायची होती. गुंडाळीची सुरुवात आत आणि शेवट बाहेर होता. शोदमोनला भूक लागली होती. त्यानं हातभरच उलगडलं. त्याची रीत ठरलेली होती: आधी शेवट पाहायचा, मग पाठ, मग ओला रुमाल घासून रंग सुटतो का ते. मधली नक्षी नवखे लोक बघतात. शेवट भयंकर होता. वीतभर पट्टा ढिला, वेडावाकडा, जांभळ्याच्या जागी काळा धागा घातलेला आणि तो काळाही जागोजागी खाल्लेला. पाठीमागे धाग्यांची टोकं आत ओवून लपवायची असतात, तर इथं सरळ गाठी मारून ठेवलेल्या. त्याच्या पलीकडचं काम बरं होतं. त्यावर त्यानं रुमाल घासला, जांभळा उतरला.

"किती जुनं आहे, दोमला?" तिनं विचारलं होतं.

"चाळीस. फार तर पंचेचाळीस. कारखान्यातला स्वस्त रंग आहे, सुटतोय बघ. घाबरू नकोस, कागद मिळेल तुला."

"आणि किंमत?"

"काम बरं आहे. पण हा शेवट कुणी केलाय? जोडे शिवणारा मागावर बसल्यासारखं वाटतंय. वर कसर लागलेली. एवढी वीत काप आणि कड बांधून घे. दुप्पट येतील."

"कापू? आमची मोमो म्हणायची, कापू नका कधी."

"मोमोला विकायचं नव्हतं, तुला विकायचंय. कोपऱ्यावर शिंपी आहे. दोन वाजता आण, शिक्का मारून देतो."

मोमो म्हणजे आजी. आजीला मोमो कर्शीकडेच म्हणतात, ताश्कंदात नाही. हा शब्द त्याच्या कानावरून गेला होता आणि त्याला काही वाटलं नव्हतं. खानावळीच्या बाकावरून उठताना त्याला याचं सगळ्यात जास्त नवल वाटलं. आपल्या गावचा शब्द, आपल्या घरचा जांभळा रंग, आपल्या बहिणीचा हात, तिन्ही एकदम टेबलावर पडले आणि आपण म्हणालो, काप. पारखी म्हणे! "सूप तसंच राहिलं, दोमला!" नाझिरा मागून ओरडली. तो कोपऱ्याकडे निघाला होता. त्याला धावता येत नव्हतं. धावायचा प्रयत्न केल्यावर जे काही होतं ते लोक वळून बघत होते. शिंपी मशीनवर वाकून नान खात होता. "एक पोरगी आली होती," तो म्हणाला, "मी म्हटलं जेवून घेतो, मग बघू. तिला दम नव्हता. बाजाराकडे गेली कुणीतरी शोधायला." बाजारात शिंपी तीनशे. शोदमोन खोलीवर परत आला, तिचा अर्ज शोधून काढला, त्यावरचा नंबर फिरवला. फोन बंद होता. जन्मगाव: कर्शी. हेही सकाळी त्याच्याच समोर लिहिलेलं होतं. सव्वा वाजला होता. आता बसून राहायचं.

तो बसून राहिला. भिंतीवर त्याच्या नावाची पाटी होती, नियोजोव, आणि खिडकीबाहेर तुतीच्या झाडाला नवी पानं फुटली होती. नियोज हे बापाचं नाव. पन्नास वर्षं ज्या माणसाचं नाव तोंडातून काढलं नाही, त्याच्या नावानं तो दर बुधवारी वीस कागदांवर सही करत होता. सनोबर शोदमोनपेक्षा तीन वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तिच्यामागे आईचा माग सनोबरकडे आला. त्यांच्याकडचा माग जमिनीवरच आडवा ठोकलेला असतो, चार खुंट्या आणि मध्ये ताणा. विणणारी जमिनीवर बसते, विणलं तसं पुढं सरकते. तो लेनिनग्राडला शिकायला गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिचा हात घट्ट होता. विणलेल्यावर पाणी सांडलं तरी मोत्यासारखं वरच थांबायचं. हे त्यानं तिथं आपल्या प्राध्यापकांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. प्राध्यापकांची बायको म्हणाली, किती छान, आमच्या दिवाणखान्यात एक असा पट हवा, जांभळ्या रंगाचा. त्या वर्षी संशोधनाच्या एकाच जागेसाठी चार मुलं होती. शोदमोन म्हणाला, वसंताआधी आणून देतो. त्याच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. म्हणजे मागितलं होतं ते चहा पिता पिता, जसं लोक म्हणतात तसं. वसंताआधी हे शब्द त्याचे स्वतःचे होते. ते शब्द म्हणतानाची खोली, तिथला पितळी दिवा, बशीतलं सफरचंदाचं गोड, हे त्याला कधी विसरता आलं नाही, आणि पन्नास वर्षांत त्यानं ते कुणाला सांगितलंही नाही. बायकोला नाही, आणि आता तर तीही नव्हती.

सनोबरनं पत्रात लिहिलं, अका, दादाच्या जागी त्यांच्याकडे अका म्हणतात, इथं जांभळा रंग मिळत नाही, तू तिकडून कॉपिंग पेन्सिली पाठव, मी शिसं काढून उकळते. त्यानं चार डझन पाठवल्या. जानेवारीत सुट्टीला घरी गेला तेव्हा तिची बोटं, नखं, ओठ, सगळं जांभळं. बाहेरच्या खोलीत शेगडी नव्हती. माग अर्धा भरला होता. ती खोकत होती का? त्यानं हा प्रश्न स्वतःला कितीदा विचारला असेल, आणि प्रत्येक वेळी आठवायचा तो तिचा हसलेला जांभळा चेहरा. खोकला आठवायचा नाही. नसेलच खोकत, असं त्यानं धरून चाललं. मग फेब्रुवारीत तिचं दुसरं पत्र आलं, त्यात एक ओळ होती: आता म्हणतात, जमीन गरम होईपर्यंत थांब, पण मी म्हटलं अकाला वसंताआधी हवाय. त्यांच्याकडे बाबांना 'आता' म्हणतात. हे पत्र त्यानं दोनदा वाचून फाडलं. का फाडलं ते त्याला तेव्हाही माहीत होतं. मार्चच्या पंचवीस तारखेला तार आली. गार जमिनीवर बसून बसून तिच्या छातीत पाणी झालं होतं. इकडे माती त्याच दिवशी देतात. तार पोचली तेव्हा ती मातीखाली होती. त्या रात्री त्यानं बापाला पत्र लिहिलं. तुम्ही तिला थंडीत मागावर बसवलंत, तुम्ही तिला मारलंत, तुमच्या दाराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. बापाला वाचता येत नव्हतं. ते पत्र पोस्टमननं गल्लीत मोठ्यानं वाचून दाखवलं असणार, कारण सगळी पत्रं तोच वाचून दाखवायचा. हे शोदमोनला लिहिताना ठाऊक होतं. तरीही लिहिलं, की म्हणूनच लिहिलं? उत्तर आलं नाही. पुढं मावशीचं दोन ओळींचं पत्र आलं, तुझ्या बापानं तिची एकही वस्तू घरात ठेवली नाही. शोदमोननं त्याचा अर्थ लावला: जाळलं. अर्धा पटही जाळला. त्या अर्थावर त्यानं पुढचं सगळं आयुष्य रचलं. सात वर्षांनी बाप वारला तेव्हा तो कर्शीला गेला नाही. इकडे मुलगा कमरेला फडकं बांधून, हातात काठी घेऊन दारात उभा राहतो आणि येणाऱ्यासमोर 'हाय माझे बाबा' म्हणून रडतो. त्या दिवशी दारात कुणीच उभं नव्हतं. पहिला खांदा शेजाऱ्यांनी दिला.

म्हणजे पट जळला नव्हता. तो कुठंतरी पुरा झाला होता. दीड वाजता शोदमोनच्या डोक्यात ते पारख्याच्या क्रमानं उलगडायला लागलं, आणि ते त्याला थांबवता येईना. शेवट ढिला आहे. ढिला म्हणजे हातात जोर नाही. तिचा हात एवढा घट्ट, तो असा ढिला पडला म्हणजे ती तापात विणत होती. वीतभर. ती वेडीवाकडी वीत म्हणजे तिचे शेवटचे दिवस. पेन्सिली संपल्या म्हणून काळा घातला. गाठी ओवायला श्वास पुरला नसेल म्हणून तशाच मारल्या. एवढं आजारपण त्या लोकरीत ओळीओळीनं लिहिलेलं होतं, ते त्याच्या हाताखाली आलं, आणि तो म्हणाला, जोडे शिवणारा बसल्यासारखा वाटतोय. जगात ते वाचू शकणारा एकच माणूस होता आणि त्याला जेवायची घाई होती. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. देवाचं नाव त्यानं लेनिनग्राडला सोडलं होतं. आता ते घ्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा ती गोड-कडू चव आली. शिंपी सापडू नये. बाजार बंद असावा. कात्री बोथट असावी.

आणि त्यातच, लाज वाटावी असा दुसरा विचार. पट तिनं मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत विणला असेल तर त्याला पन्नास वर्षं पुरी होऊन दीड महिना झाला. तो देशाबाहेर जात नाही. नियमच आहे. खरं वर्ष लिहायचं, तेवढंच, जे आपण चाळीस वर्षं लिहीत आलो. मग पट जप्त होऊन मागच्या कोठारात येईल, पलीकडच्या भिंतीआड, आणि दर बुधवारी दार उघडून बघता येईल. त्या मुलीचं काय होईल ते होईल. अर्धा तास तो या विचारात बसला होता, आणि त्याला तो आवडला होता, हे त्यानं स्वतःपासून लपवलं नाही.

चारोस सव्वादोनला आली. घामेजली होती आणि खूश होती. पट टेबलावर ठेवून तिनं तो पूर्ण उलगडला, टेबलावरून जमिनीपर्यंत, आणि शोदमोननं पहिल्यांदा तो सगळा पाहिला. डाळिंबं होती. आईची डाळिंबं, प्रत्येकाचं तोंड डावीकडे. जांभळा रंग पन्नास वर्षांनी करडा झाला होता. खालच्या टोकाला नवी, सरळ, नीटस कड होती.

"तुम्ही म्हणालात तसं केलं," ती म्हणाली. "त्यानं पैसेही कमी घेतले. आता चांगला दिसतो ना?"

"तुकडा कुठाय?"

"कुठला? तो होय? आहे की." तिनं पिशवीतून टोमॅटो आणि काकडीच्या मधून वीतभर रुंदीची पट्टी काढली, घडी घातलेली. "टाकूनच देणार होते. तुम्हीच म्हणालात ना, कुणी फुकट घेणार नाही."

तो तसं म्हणाला नव्हता, पण अर्थ तोच होता. त्यानं पट्टी घेतली. पट आणि पट्टी शेजारी शेजारी ठेवली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण पाऊण तास चूक वाचत होतो. पटाची शेवटची ओळ घट्ट होती. कापलेल्या जागेपर्यंत प्रत्येक ओळ घट्ट होती, पाणी वर थांबावं इतकी. तिचा हात शेवटपर्यंत ढिला पडलेला नव्हता. ती विणत होती तोवर धडधाकट माणसासारखी विणत होती, आणि मग एका ओळीवर थांबली. पुढचं काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं, ज्याला विणता येत नव्हतं अशा माणसाचं. त्यानं पट्टी उलटी केली. पाठीवरच्या गाठींवर सकाळी त्याची नजर ठरली नव्हती. दुहेरी वळसा, मग उलटा फास, टोकाला मेण. दोऱ्याला मेण लावून अशी गाठ जोड्याच्या तळव्याला मारतात. ती सुटत नाही. लहानपणी रोज संध्याकाळी बापाच्या शेजारी बसून त्यानं ती शेकड्यांनी मारलेली पाहिली होती. बायकांच्या मागावर पुरुष बसत नाही. बसला तर गल्ली हसते. बाप बसला होता.

"काय झालं, दोमला?" चारोसनं विचारलं. "पाणी देऊ?"

"हा पट तुमच्याकडे कसा आला?"

"मोमोला लग्नात—" ती म्हणाली आणि थांबली. मग हातातली पिशवी खाली ठेवली. "जाऊ दे. शुक्रवारी जातेच आहे मी, आता काय लपवायचं! माझी मोमो मढी धुवायची. बायकांची. कुमरी म्हणून. आमच्या घरी कुणी चहा पीत नाही, आम्हाला कुणी पोरगी देत नाही की करत नाही. मेलेल्याच्या वस्तू धुणाऱ्याला द्यायच्या असतात ना, तसा आलाय तो. एक पोरगी गेली होती. मागावर अर्धवट होता."

"अर्धवट होता तर मोमोनं घेतला कसा?"

"नाहीच घेतला. मोमो म्हणाली, अर्धवट नको मला. तर तिचा बाप म्हणाला, चाळीस दिवस थांब, पुरा करून देतो. मोमोला वाटलं कुणा बाईकडून करून घेईल. कसलं काय! स्वतःच बसला. नियोज नाव होतं त्याचं, जोडे शिवायचा. तुम्ही सकाळी म्हणालात ना जोडे शिवणारा, मला हसूच येणार होतं. गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बघायची म्हणे. चाळिसाव्या दिवशी मोमो न्यायला गेली तर पट अंगणात दोरीवर टाकलेला. त्यानं तिला बसवलं. आपल्या हातानं चहा दिला, आपल्या पेल्यात. तो पेला मोमो मरेपर्यंत सांगायची. म्हणाला, जरा थांब, माझा मुलगा येईल, त्याला बघू दे, मग ने."

शोदमोन पट्टीवरच्या गाठी मोजत होता. मोजून काही उपयोग नव्हता.

"मुलगा लांब कुठं शिकायला होता. आलाच नाही," चारोस म्हणाली. "अंधार पडेपर्यंत बसवलं त्यानं मोमोला. शेवटी पट गुंडाळून तिच्या खांद्यावर ठेवला, म्हणाला, शेवट कापू नकोस, कधी आला तर दाखव. मोमो त्या मुलाचं नाव काढलं की थुंकायची. म्हणायची, असल्याच्या तोंडात माती." ती जरा ओशाळली. "विकला नसता मी. पण तुम्ही एवढे मोठे, तुम्ही म्हणालात काप, म्हटलं तुम्हाला कळतं."

"हो," तो म्हणाला.

त्यानं कागद पुढं ओढला. चाळीस दिवस. मार्चची पंचवीस, म्हणजे मेची तीन. आज एप्रिलची चोवीस. पट मेच्या तीन तारखेला पुरा झाला होता. त्याला पन्नास व्हायला नऊ दिवस कमी होते. तो जाऊ शकत होता, अगदी नियमात बसून, आणि शोदमोनला खोटं एक अक्षरही लिहावं लागलं नसतं. बापाच्या त्या वीतभर वेड्यावाकड्या कामानं पट तरुण राहिला होता. ती वीत आता काकडीचं पाणी लागलेल्या घडीत टेबलावर होती, आणि जमिनीपर्यंत लोंबत होता तो नुसता सनोबरचा भाग, पन्नासाहून दीड महिन्यानं म्हातारा. नियमानं तो आता इथंच राहायचा. कोठारात, पलीकडच्या भिंतीआड. मघाशी हवं होतं ते सगळं त्याला मिळालं होतं, त्याच्याच सल्ल्यानं. समोर मुलगी घड्याळाकडे बघत होती. जन्मभर तिला सांगता आलं नव्हतं की तिची मोमो कोण, आणि इस्तंबूलला जाऊन ती जिवंत म्हाताऱ्यांची अंगं धुणार होती.

वय या रकान्यात त्यानं लिहिलं: मे १९७४. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तारीख इकडची तिकडं केली होती. किंमत या रकान्यात त्यानं दुकानदाराला खाली उतरता येणार नाही असा आकडा घातला. विणणारा या रकान्यात तो इतकी वर्षं अज्ञात असं लिहीत आला होता, सगळ्याच बायका अज्ञात, हजारोंनी. आणि तसंच लिहायला पेन टेकवलं.

"नाव लिहा ना," चारोस वाकून म्हणाली. "नियोज. मोमोला बरं वाटलं असतं. पोरीचं नाव मला माहीत नाही."

त्यानं लिहिलं, नियोज, आणि त्याच्या आधी सनोबर. तिनं ते वाचलं. पोरीचं नाव दोमलाला कसं माहीत, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर आला तोवर त्यानं खाली सही केली होती, नेहमीसारखी, सुवाच्य. तिनं सही वाचली. मग भिंतीवरची पाटी. मग त्याचे जांभळे ओठ. तिनं पट गुंडाळला, या वेळी सुरुवात बाहेर ठेवून. खांद्यावर घेतला. कागद उचलला. दारापर्यंत जाऊन परत आली, टेबलावरची पट्टी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या ओंजळीत दिली, नान देतात तशी.

"मोमोनं दाखव म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि गेली.

शोदमोननं दार लावून घेतलं. पट्टी टेबलावर सरळ केली. दुसरं काय करायचं ते कळेना म्हणून त्यानं रोजचंच केलं: शेवट पाहिला, पाठ पाहिली, रुमालाचा कोरा कोपरा पाण्यात बुडवला. काळा रंग बापाचा स्वतःचा होता, डाळिंबाची साल आणि गंजके खिळे, जोडे काळे करायचं मडकं दारात कायम भरलेलं असे. तो रंग उतरत नाही. पण त्यातलं लोखंड लोकरीला आतून खातं, पन्नास वर्षांत पार पोखरतं. सकाळी त्याला तो कसर म्हणाला होता. त्यानं रुमाल अगदी हलक्या हातानं फिरवला. रंग उतरला नाही. धागाच उतरला, काळी भुकटी होऊन, आणि पट्टीत बोटभर भोक पडलं ज्याच्या कडेला फक्त गाठी उरल्या. त्यानं हात मागे घेतला. मग भुकटी सांडू नये म्हणून रुमालाची चारी टोकं जवळ आणली आणि बापाची गाठ मारायचा प्रयत्न केला. ती त्याला येत नव्हती.